न सांगितलेली बातमी

फार पूर्वी दक्षिण समुद्रातल्या एका बेटावर हिमाया नावाची गावप्रमुख होती. या कथेत जे बिघडले, ते तिच्या मौनामुळे बिघडले.

दर हिवाळ्यात चीनहून तान नावाचा वृद्ध व्यापारी जहाज घेऊन येई. चिनी मातीच्या बरण्या आणि रेशीम तो बेटकऱ्यांच्या हवाली करी. साक्षीदार नाही, तारण नाही. बेटकरी तो माल होड्यांतून दूरच्या बेटांवर नेत आणि आठ महिन्यांनी मेण व मोती घेऊन परतत. तोवर तान किनाऱ्यावर थांबे.

"तुमच्या होड्या गोगलगाईच्या वंशातल्या दिसतात," तो हिमायाला चिडवी.

"आणि तुम्ही आमचा भात संपवायलाच येता, तानदादा," ती म्हणे.

एका वर्षी एक जखमी नावाडी फळीला धरून एकटाच परतला. वादळात सगळ्या होड्या बुडाल्या होत्या. माल गेला, माणसेही गेली. त्यांत हिमायाचा धाकटा भाऊ होता. हे कळले, तर चिनी जहाज पुन्हा येणार नाही, अशी भीती तिला वाटली. तिने नावाड्याला घरात लपवले आणि गावालाही काही कळू दिले नाही.

जहाजाला चीनकडे नेणारा दक्षिणेचा वारा मंदावू लागला. तो पडण्यापूर्वी निघाले नाही, तर परतीच्या वाटेवर वादळे गाठणार होती.

"होड्यांची काही खबर?" तानने विचारले.

"येतील," ती म्हणाली.

खलाशी कुरकुरले. तान त्यांना म्हणाला, "इतकी वर्षे त्यांनी मला फसवले नाही. त्यांना टाकून मी कसा निघू?"

तो आणखी वीस दिवस थांबला आणि मग नाइलाजाने निघाला. चौथ्या दिवशी त्याच्या जहाजाच्या फळ्या किनाऱ्याला लागल्या. माणूस एकही आला नाही.

पुढच्या हिवाळ्यात तानचा मुलगा वडिलांना शोधत आला. हिमाया कमरेइतक्या पाण्यात उतरून जहाजापाशी गेली आणि तिने सारे सांगितले.

मुलगा म्हणाला, "होड्या बुडाल्या हे कळले असते, तर बाबा तुमच्यासोबत चार दिवस रडले असते आणि वेळेवर घरी आले असते."

ठरले ते असे: माल पूर्वीसारखाच तारणाविना द्यायचा, बातमी मात्र, बरी असो वा वाईट, कळेल त्याच दिवशी सांगायची, आणि हिमायाने गावप्रमुखपद सोडायचे. मुलगा कबूल झाला, गावातले वडीलधारे कबूल झाले. सर्वांत आधी होकार हिमायाने दिला. जहाजावर तानचा भाऊ होता. त्याने होकार दिला नाही आणि तो किनाऱ्यावर उतरलाही नाही.

यावरून घ्यावयाचे तात्पर्य: ज्याने आपल्यावर विश्वास ठेवला, त्याच्यापासून वाईट बातमी दडवणे हाही विश्वासघातच होय.