पुलापर्यंतचा टेंपो

एका मोठ्या शहरात, नदीच्या अल्याड, रखमाजी नावाचा एक कासार राहत होता. त्याचा हात फार हलका. बांगडी कितीही घट्ट मापाची असो, तो ती मनगटावर अशी चढवायचा की बाईला कळायचंही नाही. स्वभाव मात्र हातासारखा नव्हता. एकदा मनात घेतलं की घेतलं, मग ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही.

नदीच्या पल्याड, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, शालन नावाच्या मुलीचं लग्न होतं. शालनची आई ती लहान असतानाच गेली. त्या आईच्या लग्नातला हिरवा चुडा रखमाजीनंच भरला होता. म्हणून शालन मुद्दाम येऊन सांगून गेली, "काका, माझाही चुडा तुमच्याच हातचा हवा. आईची तेवढी एक तरी गोष्ट माझ्या लग्नात असेल." ऐकून रखमाजीचे डोळे भरून आले. त्यानं शब्द दिला. सकाळी चुडा, दुपारी हळद आणि संध्याकाळी गोरज मुहूर्तावर लग्न, असं सगळं ठरलं होतं.

आणि नेमका त्याच दिवशी शहरात संप झाला. बस नाही, रिक्षा नाही, काही म्हणता काही नाही. रखमाजी बांगड्यांची पेटी घेऊन नाक्यावर आला, तर नाका ओस पडलेला.

थोड्या वेळानं एका दूधवाल्याचा टेंपो आला. मागे दुधाच्या कॅनच्या मधोमध, धोतर सावरून, शालनचं लग्न लावायला निघालेले गुरुजी बसले होते. ते रखमाजीच्याच गल्लीतले.

दूधवाला म्हणाला, "बसा काका. पुलापर्यंत सोडतो."

"आणि पुलाच्या पुढे?"

"पुढचं तुमचं तुम्ही बघा. मी पुलाशी वळतो."

रखमाजीनं मान हलवली. "नको बाबा. माझ्या पेटीत काच आहे. ठिकठिकाणी चढवायची-उतरवायची म्हणजे चुरा व्हायचा. नवरीच्या चुड्याला तडा गेलेला चालत नाही. मी आपली दारापासून दारापर्यंत जाणारी गाडी बघतो."

"अहो, पुलापर्यंत तरी चला," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, तुम्ही मंगलाष्टकं पुलावरच म्हणणार वाटतं," असं म्हणून रखमाजी हसला. टेंपो निघून गेला.

मग कांद्याची हातगाडी आली, ती मंडईपर्यंत जाणारी. एक शाळामास्तर स्कूटरवरून आले, ते तळ्यापर्यंत जाणारे. रखमाजीनं सगळ्यांना तेच सांगितलं. बरं, त्याचं म्हणणं अगदीच खोटं होतं असंही नाही. काच ती काच. पण संपाच्या दिवशी दारापासून दारापर्यंतची गाडी आणायची कुठून, हे काही त्यानं स्वतःला विचारलं नाही. तो एका बंद दुकानाच्या पायरीवर पेटी मांडीवर घेऊन बसून राहिला. ऊन डोक्यावर आलं. तिकडे हळदीची वेळ होत आली.

रखमाजी अजून नाक्यावरच बसलाय, हे शेजारणीनं गोदूबाईच्या कानावर घातलं. गोदूबाई म्हणजे रखमाजीची बायको. तिनं जुनं लुगडं काखोटीला मारलं आणि ती तरातरा नाक्यावर आली.

"एकही गाडी मिळाली नाही का हो?"

"मिळाल्या गं. पण सगळ्या मेल्या अर्ध्यावर सोडणाऱ्या."

गोदूबाईनं कपाळाला हात लावला. "मला एक सांगा, तुम्ही चुडा कसा भरता? सगळ्या बांगड्या एकदम?"

"एकदम कशा भरता येतील? एक बसली की दुसरी."

"आणि पहिली चढवताना कधी विचारलंत, की शेवटची बसेल का म्हणून?"

रखमाजीनं पेटीचं झाकण उघडलं. गोदूबाईनं लुगड्याच्या घड्या बांगड्यांमध्ये नीट कोंबल्या, पेटी बंद करून त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "निघा आता."

तो निघाला. एका उसाच्या गाडीवर बसून पुलापर्यंत गेला. पूल त्यानं पेटी डोक्यावर घेऊन पायी ओलांडला. पलीकडे एक पाण्याचा टँकर उभा होता, त्यानं त्याला बाजारपेठेपर्यंत नेलं. तिथून कुणा अनोळखी माणसानं सायकलच्या कॅरिअरवर बसवलं. जिथं एकजण सोडायचा, तिथं थोडं चाललं, थोडं विचारलं, की दुसरा कुणीतरी निघायचा. हे सगळे सकाळीही असेच निघाले असते, हे रखमाजीला कळत होतं आणि त्याच्या जिवाची तगमग होत होती.

तो मांडवात पोचला तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. शालनच्या हातात कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेला चुडा होता. मावशीनं तो घाईघाईत भरला होता, आणि शालनचे दोन्ही हात ओरखडले होते.

"आलात का?" गुरुजी म्हणाले. "मी सकाळच्या चहाला इथं होतो."

रखमाजीनं पेटी उघडून पाहिली. एकही बांगडी फुटली नव्हती. त्या वेळी एखादी फुटकी निघाली असती, तर त्याला बरंच वाटलं असतं.

शालन त्याच्यासमोर येऊन बसली. ती रागावली नव्हती, रडलीही नव्हती. तिनं हात पुढे केला.

"मावशीला एक बांगडी कमीच भरायला सांगितली होती, काका. तेवढी तुम्ही भरा."

रखमाजीनं पेटीतली एक हिरवी बांगडी उचलली. हात तोच हलका, पण या वेळी बांगडी बोटांच्या पेरांशी थोडी अडकली, मग बसली. त्यानं चुड्याला हात जोडले आणि उपरण्यानं डोळे पुसले. बाकीचा चुडा पेटीत होता तसाच परत गेला.

तात्पर्य: सगळी वाट एकदम मिळावी म्हणून थांबणाऱ्याची वेळ निघून जाते. समोर आलेली अर्धी वाट आधी चालून घ्यावी. पुढची तिथं पोचल्यावर सापडते.