दोन डोहांमधली पाणमांजरी

डोंगरातून उतरणाऱ्या एका नदीच्या काठी एक तरुण पाणमांजरी आपल्या आईबरोबर राहत असे. मुलांनो, पाणमांजरे मासे धरून पोट भरतात हे खरे, पण मासे धरणे त्यांना आपोआप येत नाही, ते शिकावे लागते. म्हणून हिवाळा सरला की तरुण पाणमांजरे नदीतल्या एखाद्या खोल डोहावर जात आणि तिथल्या जाणत्यांकडून शिकत. डोहाच्या काठात जितकी बिळे, तितकेच शिकणारे. उन्हाळा चढला की नदीची धार तुटे आणि डोह तेवढे वेगवेगळे उरत. मग जो जिथे असेल तिथेच अडके. ज्याला कुठेच बीळ मिळालेले नसे, त्याला उघड्या काठावर कोल्ह्यांच्या भीतीने दिवस काढावे लागत.

या पाणमांजरीचे मन लहानपणापासून धबधब्याखालच्या डोहावर जडले होते. तिथले पाणी सुसाट, मासे मोठे, आणि तिथले गुरुजी साऱ्या नदीत नावाजलेले. त्यांनी तिची बुडी पाहिली आणि मान डोलावली.

"बुडी छान मारतेस," ते म्हणाले. "पण सगळी बिळे भरली आहेत. कोणी निघून गेले, तर खंड्याबरोबर निरोप पाठवीन. तोवर थांब."

मग घर ओलांडून ती खालच्या लव्हाळ्यांच्या डोहावरही जाऊन आली. तिथे संथ पाणी होते आणि शिकवायला एक वयस्कर मावशी होत्या. मावशी म्हणाल्या, "तुझ्यासाठी बीळ ठेवते. येशील ना?"

"येईन," ती म्हणाली. आईला ऐकून केवढे हायसे वाटले!

पण ती गेली नाही. रोज सकाळी ती काठावरच्या खडकावर चढून बसे आणि वरच्या अंगाला बघत राही. खंड्या पक्षी निळ्या पंखांनी पाण्यावरून सूर मारत आला की ती खडकाच्या टोकाशी धावे.

"खंड्यादादा, काही निरोप?"

"नाही गं, अजून नाही."

'अजून' म्हणाला, म्हणजे येणार असेल का? की नुसतेच आपले म्हणायचे म्हणून म्हणाला? दिवसभर ती या एका शब्दाचा कीस काढत बसे. त्यातच एक कावळा सांगून गेला, "वरून दोघे जण जाणार आहेत म्हणे." त्या दिवशी ती पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी तोच कावळा म्हणाला, "छे, कोणी हलायला तयार नाही तिथून." त्या दिवशी आईने आणलेला खेकडा तिने तोंडालाही लावला नाही.

इकडे पाणी उतरत चालले होते. काल बुडालेले दगड आज डोके वर काढत होते. वाळूत कोल्ह्यांची पावले उमटू लागली होती.

"बाळा, आता नीघ," आई कळवळून म्हणाली. "धार तुटली तर खाली जायची वाटही राहणार नाही."

"आणि मी गेले नि मागून निरोप आला तर?"

"आणि नाहीच आला तर?"

ती पुन्हा वरच्या अंगाला बघू लागली. शेवटी आई म्हणाली, "निदान वाट तरी बघून ये. उतरता येते की नाही, एवढे तरी कळेल." आईचे मन राखायला म्हणून ती निघाली. दोन ठिकाणी तिला पोटाखाली वाळू लागली, इतके पाणी ओसरले होते.

लव्हाळ्यांच्या डोहाजवळ, काठावरच्या करवंदीच्या जाळीत, तिला तिच्याच वयाची एक अनोळखी पाणमांजरी बसलेली दिसली. अंगावर चिखल वाळला होता, एक कान फाटला होता आणि डोळे तांबारले होते. हिला पाहताच ती ताडकन उठली.

"तू वरून आलीस ना? वरची एक मुलगी इथे यायची आहे. तिच्याबद्दल काही ऐकलेस का? येणार आहे का ती?"

"का गं?"

"तिच्यासाठी मावशींनी एक बीळ ठेवले आहे. ती आली नाही, तर ते मला मिळेल. रोज बघते, पण ती येतही नाही आणि येत नाही असे कळवतही नाही. परवा कोल्हा आला होता. कान त्यानेच फाडला."

तो प्रश्न, ती धडपड, वरच्या अंगाला लागलेले ते डोळे, सगळे हिच्या ओळखीचे होते. रोज सकाळी खडकावर बसून ती स्वतः हेच तर करत होती.

"ती मुलगी मीच," ती हळूच म्हणाली.

अनोळखी पाणमांजरी चिडली नाही. ती फक्त जवळ आली. "मग सांगून टाक ना बाई एकदाचे! नाही म्हणालीस तर मी आत जाते. हो म्हणालीस तर मी आणखी खाली जाते, उंबराच्या डोहावर. तिथे जागा आहे म्हणतात. पण तिथवर जायला आता पाणी उरलेच आहे किती! तुझे काहीच कळेना, म्हणून मी इथेच अडकून पडले आहे."

धबधब्याचा आवाज इथवर ऐकू येत नव्हता, तरी तिच्या कानांत तो घुमत होता. नाही म्हणावे, तर वरच्या बिळाचा भरवसा नव्हता. हो म्हणावे, तर वरचे पाणी कायमचे सुटत होते.

"मी इथेच राहणार," ती म्हणाली. "तू आत्ताच नीघ. थांबू नकोस."

दुसरीने एकदा मान हलवली आणि पाण्यात उडी घेतली. ती वळणापलीकडे दिसेनाशी झाल्यावर हिने खंड्याला हाक मारली. "दादा, आईला सांग, मी पोहोचले. आणि गुरुजींना सांग, माझी वाट बघू नका. माझ्यामागे रांगेत जो असेल, त्याला बोलवा." एवढे बोलून ती मावशींच्या डोहात शिरली. त्याच आठवड्यात नदीची धार तुटली.

सुरुवातीला तिचे चित्त थाऱ्यावर नव्हते. मासे तिच्या नाकासमोरून निसटत. मावशी रागावल्या नाहीत. "संथ पाण्यात माशाला तुझी चाहूल आधी लागते," त्या म्हणाल्या. "इथे घाई चालत नाही. पुन्हा बुडी मार." ती पुन्हा पुन्हा बुडी मारू लागली. हळूहळू शेपटी न हलवता तरंगत माशाच्या पाठीमागे जाणे तिला जमू लागले.

एका सकाळी खंड्या आला. "तुझी ती मैत्रीण उंबराच्या डोहावर सुखरूप पोहोचली गं. धार तुटायच्या जेमतेम आधी." मग तो जरा घुटमळला. "आणखी एक सांगू? तू नको म्हणालीस, त्यानंतर दोनच दिवसांनी धबधब्याचे एक बीळ रिकामे झाले. तुझ्यामागे होता त्याला मिळाले. थांबली असतीस, तर ते तुझेच होते."

तिने वरच्या अंगाला पाहिले. मग तिने विचारले, "मी थांबले असते आणि ते बीळ रिकामे झालेच नसते, तर ती उंबरावर पोहोचली असती का?"

"छे! कुठली पोहोचते!" खंड्या म्हणाला.

तेवढ्यात मावशींची हाक आली. लव्हाळ्यांत एक मोठी मरळ शिरली होती. पाणमांजरीने डोळे पुसले, श्वास भरून घेतला आणि बुडी मारली. वर आली तेव्हा मरळ तिच्या दातांत तडफडत होती, आणि काठावर बसलेल्या मावशी मोठ्याने हसत होत्या.

तात्पर्य : मिळालेली जागा एकतर मनापासून घ्यावी, नाहीतर वेळेत सोडून द्यावी; कारण आपण कोणाच्या तरी उत्तराची वाट बघत असतो, तसेच आपल्या उत्तराचीही कोणीतरी वाट बघत असते.