पुन्हा बोला, चेअरमनसाहेब

नवरंग सोसायटीत सभेचं इतिवृत्त लिहायचा सगळ्यांनाच कंटाळा; ते काम कॅमेऱ्यावर सोपवलेलं. मुलांचं मैदान पार्किंगच्या ठेकेदाराला देणार नाही, असं चेअरमन केळुस्कर गेल्या सभेत सर्वांसमोर म्हणाले होते. यंदा तोच ठेकेदार त्यांच्या शेजारी बसलेला पाहून शैलजाताई गवाणकर उठल्या.

"तुम्ही शब्द दिला होता."

"मी? कधी?"

"रेकॉर्डिंग लावा."

"पुसलं. हार्ड डिस्क भरली होती. नवी घेणं म्हणजे पोरखेळ वाटला का, ताई? परवडत असेल तर तुम्हीच आणा!"

ठेकेदार खो-खो हसला. शैलजाताईंनी पर्समधून तळहाताएवढी डिस्क काढून टेबलावर ठेवली.

"नातीच्या फोटोंसाठी घेतली. कुकरपेक्षा स्वस्त पडली. सोसायटीच्या आजवरच्या सगळ्या सभा मावतील हिच्यात."

"पण जुनं रेकॉर्डिंग कुठून आणणार?" केळुस्करांनी विचारलं.

"जुनं हवंय कोणाला? बोलणारे समोर आहेत, कॅमेरा चालू आहे. मैदान देणार की नाही, आत्ता सांगा."

केळुस्करांनी आईबापांनी भरलेल्या सभागृहाकडे पाहिलं आणि ते पुटपुटले, "नाही देणार."

"जरा मोठ्यानं, चेअरमनसाहेब," शैलजाताई ताठ मानेनं म्हणाल्या. "डिस्कमध्ये जागा भरपूर आहे."