उजव्या अंगाचा तांदूळ

"मारू की राहू देऊ, एवढंच सांगा."

रावजीतात्या वाडी राखणाऱ्या देवाच्या, राखणदाराच्या पाषाणावर साचलेला पाचोळा हाताने बाजूला करत होते.

"तात्या, मी खारीबद्दल विचारतोय."

"ऐकलं."

"मग?"

"ती काय म्हणते?"

"कोण ती?"

"खार."

दिगूने कपाळावर हात मारून घेतला.

रावजीतात्या म्हणजे वाडीचे गाऱ्हाणं घालणारे. कुणाची म्हैस हरवो, कुणाचं लग्न अडो, कुणाचा पोरगा तिसऱ्यांदा दहावीला बसो, तात्या राखणदारापुढे उभे राहून देवाशी दोन शब्द बोलले की माणसं निर्धास्त घरी जात. म्हैस कधी सापडे, कधी नाही. पण माणसं निर्धास्त जात.

दिगू त्यांचा शिष्य. तात्यांच्या नंतर गाऱ्हाणं त्यानेच घालायचं. आवाज असा खणखणीत, की इथे देवाला हाक मारली तर ओढ्यापलीकडची कुत्री उठून बसत. आपला आवाज असा आहे हे दिगूला पक्कं ठाऊक होतं. त्याच्यात खोट काढायची तर तेवढीच होती.

आज त्याच्या हातात पिशवी होती. पिशवीत दोन पिकलेली केळी होती. केळ्यांत उंदरांचं औषध भरलेलं होतं.

"पपई पिवळी पडायला लागली की ही बया आमच्या आधी हजर," दिगू म्हणाला. "भोक पाडते, आत शिरते, बिया खाते आणि उरलेली तशीच टाकून जाते. एक संपवेल तर शपथ! आज ही, उद्या ती. झाडाला नुसत्या घागरी लटकल्यासारख्या दिसतात, आत सगळा वारा. बायको विचारते, बाग आपण लावली की तिने?"

"बरोबर विचारते."

"आणि आधीच सांगतो, ते सेतूचं काढू नका. रामाला मदत केली, त्याने पाठीवर बोटं फिरवली... सगळं ठाऊक आहे मला."

"नाही काढत. मी तिथे नव्हतो."

वर फणसाच्या झाडात काहीतरी खुडबुडलं. दोघांनी वर बघितलं. मग दोघांनी खाली बघितलं.

"गाऱ्हाणं घालू," तात्या म्हणाले.

दिगू खूश झाला. पिशवी झाडाच्या बुंध्याशी ठेवून तो हात जोडून उभा राहिला. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला होकार द्यायचा, अशी गाऱ्हाण्याची रीत. कोकणातल्या माणसाला हा होकार शिकवावा लागत नाही. शिंक येते तसा येतो.

"बा देवा म्हाराजा!" तात्यांनी सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा!" दिगूने डोळे मिटून आवाज लावला. ओढ्यापलीकडे एक कुत्रं भुंकलं.

"हे तुझं लेकरू आज तुझ्या पायाशी उभं आहे."

"व्हय म्हाराजा!"

"याने घाम गाळून बाग उभी केली."

"व्हय म्हाराजा!" हा जरा जास्तच जोरात.

"त्या बागेवर एका खारीची नजर पडली."

"व्हय म्हाराजा!"

"तर तिने तिथे यावं."

"व्हय म्हाराजा!"

"पोटभर खावं."

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या पोरांनी खावं, पोरांच्या पोरांनी खावं, आणि या लेकराने ते बघून तृप्त व्हावं."

"व्हय म्हा..."

दिगूने डोळे उघडले.

"हे काय, तात्या?"

"गाऱ्हाणं."

"अहो, मी सवयीने म्हटलं!"

"देवाला वाटलं मनापासून."

"परत घ्या ते."

"परत घ्यायला काय दुकानातला शर्ट आहे?"

दिगूचा चेहरा असा झाला, की फणसानेही दुसरीकडे बघितलं असतं. देवापुढे दिलेला शब्द. तोही स्वतःच्या खणखणीत आवाजात. ओढ्यापलीकडची कुत्री साक्षीला.

"म्हणजे मी बांधला गेलो?"

"सुटायचं असेल तर कौल लाव. तोच सांगेल काय ते."

तात्या कौलासाठी भिजवलेल्या तांदळाची वाटी नेहमी जवळ ठेवत. पाषाणाच्या उजव्या अंगाला एक दाणा चिकटवायचा, डाव्या अंगाला एक. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. जो दाणा आधी जाईल ते देवाचं उत्तर. त्यापुढे मग भाऊबंदकीही गप्प बसते, सुनाही आणि सरपंचही.

दिगूने दोन दाणे निवडले.

"उजवा कुठला धरायचा? आपला की देवाचा?"

"देवाचा."

दिगू पाषाणाच्या बाजूने वळून उभा राहिला, स्वतःचा उजवा हात हलवून खात्री करून घेतली आणि दाणे चिकटवले.

"देवा, उजवा आधी गेला तर मारतो. डावा गेला तर राहू देतो."

दोघे खाली बसले.

वारा पडलेला होता. ऊन फणसाच्या पानांतून झिरपत खाली येत होतं. दाणे जागचे हलेनात. तात्यांनी चंची उघडली, सुपारी कातरली, पान लावलं, तोंडात टाकलं. दिगू दाण्यांकडे एकटक बघत राहिला.

"तात्या, साधारण किती वेळ..."

"शू."

ती बुंध्यावरून खाली येत होती. डोकं खाली, शेपटी वर, एक उडी आणि एक थांबा.

दिगू कुजबुजला, "हीच ती."

"कशावरून?"

"तोंडावरून."

"रस लागलाय?"

"नाही. पण बघा ना, कशी निगरगट्ट दिसते."

खार खाली उतरली. तिला पिशवी दिसली. ती पिशवीजवळ गेली, नाक हलवलं, पुढचे दोन पाय पिशवीच्या तोंडावर ठेवले.

दिगूने बसल्या जागेवरून हात लांब केला, पिशवी अलगद ओढून घेतली आणि पाठीमागे ठेवली.

तात्यांनी त्याच्याकडे बघितलं.

"का रे?"

"बोलू नका. कौल चाललाय."

खार इकडेतिकडे बघून पाषाणावर चढली. राखणदाराच्या डोक्यावर बसून तिने दोन्ही बाजू नीट न्याहाळल्या, जशी एखादी बाई बाजारात वांगी न्याहाळते. मग वाकून उजव्या अंगाचा दाणा काढला. दोन्ही हातांत धरून शांतपणे खाल्ला. तोंड पुसलं. आणि आली तशी झाडावर निघून गेली.

डावा दाणा जागेवरच होता.

"उजवा!" दिगू ताडकन उठला. "उजवा गेला, तात्या! मार म्हणतो देव!"

"म्हणतो खरा."

"मग मारू?"

"मार. कौल फिरवायचा नसतो."

दिगूने पिशवी उचलली. चार पावलं गेला. थांबला. परत आला.

"पण तात्या... दाणा पडला कुठे? तिने खाल्ला."

"गेला ना?"

"गेला, पण तिने नेला. निवाडा तिचा आणि दाणाही तिनेच नेला, असं कुठे असतं का? तिला काय कळतंय उजवं नि डावं?"

"वाऱ्याने पडला तर धरतोस?"

"धरतो."

"वाऱ्याला कळतं?"

दिगूने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मुंगीने ओढून नेला तर?"

"...धरतात."

"पालीची शेपटी लागून पडला तर?"

"तात्या, पण ती आपलं मरण आपल्या हाताने खाऊन गेली हो!"

"आवडलं तिला."

दिगू मटकन खाली बसला. त्याच्या डोळ्यांपुढून ते तोंड पुसणं हलेना. खाऊन झाल्यावर त्याचा धाकटा मुलगा असाच तोंड पुसायचा, दोन्ही हातांनी, आणि मग पुन्हा काही मिळतंय का बघायचा.

"नाही," शेवटी तो म्हणाला. "हा कौल मी नाही धरत. खारीने नेलेला दाणा म्हणजे कौल नव्हे."

"बरं."

"बरं म्हणजे? तुम्हाला मान्य?"

"मान्य. खारीने नेलेला कौल धरायचा नाही." तात्यांनी पानाची पिंक बाजूला टाकली. "मग मागचेही धरता येणार नाहीत."

"मागचे कुठले?"

तात्या वर फणसाकडे बघत राहिले.

दिगूच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. लक्षात आलं तेव्हा त्याचं तोंड उघडं राहिलं.

"तात्या, वाडीचे सगळे कौल...?"

"सगळे नाहीत. थंडीत ती उशिरा उठते. तेव्हाचे आपले आपण पडलेले आहेत."

"आणि कुणाला दिसलं नाही?"

"कौल लावला की माणसं डोळे मिटून बसतात. मला मिटून चालत नाही. दाणा कुठला गेला ते मला सांगायचं असतं."

दिगूच्या डोक्यात वाडीचा कारभार भराभर उलटा फिरायला लागला. विहीर कुठे खणायची तो कौल. शाळेची नवी खोली. मोरेश्वरचं लग्न, जे सगळे नको म्हणत असताना कौलावर झालं आणि आता त्यांना जुळी मुलं आहेत. आणि मग फिरता फिरता चाक एके ठिकाणी येऊन अडलं.

"माझा?" त्याने हळू विचारलं. "तुमच्या मागून गाऱ्हाणं मी घालायचं, असा जो चैत्रात कौल लागला... तो?"

"चैत्रात कुठली थंडी?"

झाडावर खार चिकचिकत होती.

दिगूला सगळं समोर दिसत होतं. कौल खरा धरला, तर खार मरते आणि आपण देवाने निवडलेले. खोटा धरला, तर खार जगते आणि आपण दिगू. नुसता दिगू. चैत्रापासून लग्नात त्याला पहिल्या पंगतीला बोलावत होते. म्हातारी माणसं वाट सोडून उभी राहत. परवा बायकोने चहा देताना "अहो" म्हटलं होतं, थट्टेत का होईना. हे सगळं एका दाण्यावर उभं होतं. आणि तो दाणा कधीच कुणाच्या तरी पोटात गेला होता.

"तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"तू विचारलं नाहीस. तू खूश होतास."

दिगूने पिशवीकडे बघितलं. वर बघितलं. पुन्हा पिशवीकडे बघितलं. मग पाषाणापासून दूर, करवंदीच्या जाळीमागे जाऊन काठीने खड्डा उकरला, चांगला हातभर खोल. केळी पिशवीसकट आत टाकली, माती लोटली, वर दोन मोठे दगड ठेवले. परत आला तेव्हा त्याच्या कपाळावर माती लागली होती.

"माझाही धरू नका, तात्या," तो म्हणाला. या वेळी ओढ्यापलीकडे काही ऐकू गेलं नसतं. "वाडीला मीच सांगीन."

"पपयांचं काय करशील?"

"घरात जुनी मासे धरायची जाळी पडली आहेत, ती बांधून बघतो. फाडली तर... बघू."

"बायको काय म्हणेल?"

"ती रोजच म्हणते."

तात्या उठले. गुडघे कडकडले. त्यांनी वाटीतून एक भिजलेला दाणा घेतला आणि पाषाणाच्या उजव्या अंगाला, रिकाम्या जागी, नीट चिकटवला. डाव्या अंगाचा मघाचाच होता. दोन पावलं मागे येऊन त्यांनी दोन्ही दाणे बघितले आणि दिगूच्या शेजारी बसले.

"आता हा कसला कौल?" दिगूने विचारलं.

"तुला शिष्य करायचं की नाही, त्याचा. तो प्रश्न आता मोकळा झाला ना?"

दिगूने कपाळावरची माती पुसली. "उजवा म्हणजे...?"

"ते नंतर सांगतो."

वरची चिकचिक थांबली. बुंध्यावर, डोकं खाली आणि शेपटी वर करून, ती उभी होती.

"हात जोड," तात्या हळूच म्हणाले. "आणि हलू नकोस... बुजते ती."