शीतखोलीतून येणारं उत्तर

“…म्हणजे स्कॅनरच सदोष आहेत, असं कळवून टाकू ना, सर?”

इरावती घोलपने हे विचारलं, तेव्हा मुजावर सर अजून दारातच होते. चपला काढायच्या की नाही, या विचारात.

औषधांच्या त्या गोदामात सकाळपासून काम अडलं होतं. फाटकात दवाखान्यांकडे जाणारी गाडी उभी. आत, जाड भिंतींच्या शीतखोलीत, इन्सुलिनची खोकी. त्यांतला काही माल बिघडलेला निघाला होता, आणि तो चांगल्यात मिसळला होता.

कामगारांनी हातातल्या बिनतारी स्कॅनरने खोक्यावरचा बारकोड वाचायचा. इरावतीच्या प्रोग्रामने स्कॅनरवर उत्तर धाडायचं : चढवा, नाहीतर बाजूला काढा.

पण शीतखोलीतले स्कॅनर तिच्या प्रोग्रामला जोडले जात आणि लगेच तुटत.

सरांनी तिला कॉलेजात शिकवलं होतं. त्या वर्गात तिच्याइतकं हुशार कुणी नव्हतं, आणि हे तिलाही ठाऊक होतं. आज मात्र तिनेच त्यांना फोन करून बोलावलं होतं.

“प्रोग्राम पाहिलास?”

“अक्षर न् अक्षर. माझ्याकडे चूक नाही.”

“प्रोग्रामच्या हाकेला स्कॅनरने ओ दिली नाही, तर तो काय करतो?”

“जोडणी तोडतो. पुन्हा हाक मारतो.”

“किती वेळ वाट पाहून?”

“आधी बराच वेळ पाहायचा. मी तो कमी केला. मग आणखी कमी. एकही स्कॅनर निसटायला नको म्हणून.”

“मग?”

“…मग जास्तच निसटायला लागले.”

सर शीतखोलीकडे वळले. खुंटीवरचा जाड कोट अंगात घातला, एक स्कॅनर उचलला आणि शीतखोलीत शिरले. दार मागे बंद झालं.

इरावतीला एकदम आठवलं. सरांची बायपास होऊन फार दिवस झाले नव्हते.

तिने भिंतीवरच्या इंटरकॉमचं बटण दाबलं; दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं, असा तो होता.

“सर, पोचलात का?”

…

“सर, ऐकू येतंय का? स्कॅनरचा दिवा कुठला लागलाय?”

…

“सर, बरं वाटतंय ना? सर! बोला ना काहीतरी!”

काहीच नाही.

तिने दार ओढलं आणि कोट न घालताच आत धावली. थंडी दातांत शिरली. मांडण्यांमागून मांडण्या ओलांडत ती टोकाला पोचली.

सर तिथल्या इंटरकॉमपाशी शांत उभे होते. तोंडातून वाफ निघत होती.

“काय झालं, सर? उत्तर का नाही दिलंत?”

“देत होतो. तू बटण सोडत नव्हतीस.”

इरावती तिथेच उभी राहिली. कुडकुडत.

…

बाहेर येऊन ती संगणकापुढे बसली. वाट पाहण्याच्या वेळेची चौकट उघडली.

“किती करू?”

“सगळ्यांत लांब कोण काम करतं?”

“सुगंधाताई. शेवटच्या मांडणीपाशी.”

“या जाड भिंतींतून त्यांच्या स्कॅनरची ओ यायला लागतो तेवढा.”

तिने तो वेळ मोजून घेतला. आकडा बदलला. प्रोग्राम सुरू केला.

पडदा गप्प.

फाटकातून ड्रायव्हरचा हॉर्न आला. तिचा हात आपोआप माऊसकडे गेला. तिने तो मागे घेतला, दुसऱ्या हातात घट्ट धरून ठेवला.

पडदा अजून गप्पच.

मग एका स्कॅनरची ओ आली. मग दुसऱ्याची. सगळ्यांत शेवटी, सावकाश, सुगंधाताईंची. या वेळी कुणीच तुटलं नाही.

थोड्या वेळाने सुगंधाताईंनी वाचलेल्या एका खोक्याबद्दल उत्तर गेलं : बाजूला काढा.

दुपारपर्यंत बिघडलेला माल वेगळा झाला आणि गाडी फाटकाबाहेर पडली. ती वळणापलीकडे दिसेनाशी होईतो इरावती खिडकीपाशी उभी होती. तरी तिचे खांदे सैल झाले नव्हते.

“सर, एक राहिलंच.”

“बोल.”

“समजा, स्कॅनर खरोखरच बंद पडलाय. उत्तर येणारच नाहीये. आणि मी आपली वाट पाहत बसलेय… हे मला वाट पाहताना कळणार कसं?”

सर पायऱ्या उतरत होते. कठड्यावर हात ठेवून थांबले.

“वाट पाहताना ते कळत नाही, इरावती.”