आधी हात धुऊन ये

संगणकावर विणलेलं कव्हर घालायची पद्धत होती, तेव्हाची ही गोष्ट. एका घरातला म्हातारा संगणक सुरू झाला, की त्यातून रेवाताईचा आवाज यायचा, "आधी हात धुऊन ये, माकडा!" धाकट्या भावासाठी तिनेच तो भरून ठेवला होता. आता रेवाताई या जगात नव्हती.

"आजोबा, नवी सिस्टीम टाकून घ्या की," माऊस रोज टोचायचा. "साधं चित्र उघडायचं तरी तुम्हाला जांभया येतात!"

"नवी आली की जुनं सगळं पुसलं जाईल. तिचा आवाजसुद्धा," संगणक म्हणायचा.

एके दुपारी काम करता करता तो गचकन बंद पडला. मोठ्या मिनतवारीने पुन्हा सुरू झाला, पण पुरता हादरला होता. "असा कायमचा बंद पडलो, तर तिचा आवाज कुठे राहील रे?"

"मग आधी माझ्याकडे द्या ना!" पेनड्राइव्ह म्हणाला. "माझं पोट रिकामंच आहे."

आवाज त्याच्या पोटात गेला आणि मगच नवी सिस्टीम आली.

संध्याकाळी भाऊ खेळून आला. पडद्यावर सगळं अनोळखी बघून त्याचा चेहरा उतरला. तेवढ्यात पेनड्राइव्हमधला आवाज संगणकातून आला, "आधी हात धुऊन ये, माकडा!"

भाऊ मुकाट्याने उठला आणि हात धुऊन आला.