प्रासात दायचा उतरवलेला दगड

प्रासात दायच्या गाभाऱ्यात देव नाही, आणि कधीच नव्हता. कंबोडियाच्या उत्तरेकडच्या जंगलात, बैलगाडीच्या वाटेने तीन तास आत गेल्यावर हे पडके देऊळ लागते; प्रासात दाय म्हणजे हाताचे देऊळ. गाभाऱ्याच्या दारावर एका दगडाची जागा रिकामी आहे. तो दगड खाली, उंबऱ्याशेजारी ठेवलेला आहे. त्यावर कोणी बसू लागले की वाट दाखवणारे ता सोफाल हाताला धरून उठवतात. ता म्हणजे आजोबा. "आधी ऐका, मग बसावंसं वाटलं तर बसा," ते म्हणतात.

हे देऊळ राजाने शंकरासाठी बांधायला घेतले, असे सांगतात. इथे दगडांमध्ये चुना नाही. वरचा दगड दोरांनी टांगायचा, खालच्यावर वाळू-पाणी टाकायचे आणि दोघांनी समोरासमोर उभे राहून तो घासत राहायचा, फटीतून केसही जाणार नाही इतका. शेवटी वाळूचे कण तळहाताने पुसायचे, कारण फडक्याचे धागे अडकतात. हे काम सुवन आणि त्याची बायको मालिस करत. एकदा बसलेला दगड पुन्हा उचलणे म्हणजे देवाचे घर मोडणे. उचलणाऱ्याला देहदंड होता.

एकच दगड उरला आणि मुहूर्ताचे ढोल ऐकू आले. राजाची मिरवणूक देव घेऊन निघाली होती, म्हणे. मुकादमाचा धीर सुटला. सुवन अजून तळहाताने कण पुसत होता, पण मुकादमाने न पाहताच "सोडा!" अशी आरोळी दिली, दोर सैल झाले आणि दगड सुवनच्या उजव्या हातावर टेकला.

मुकादमाने कोयता मागवला. "हात जाईल, जीव राहील. दगड हलला तर आपण सगळेच मेलो," तो म्हणाला. तो काही दुष्ट नव्हता, घाबरला होता. सुवननेही मान हलवली. "तोडा लवकर."

मालिसने मात्र दोर कमरेला गुंडाळला आणि पाय रोवले. एकटीने तो दगड काय हलणार? दोर धरणाऱ्या गड्यांपैकी कोणी पुढे येईना. ढोल झाडीच्या कडेला आले. कोयताही आला. तेव्हा ती म्हणाली, "मी एकटीनं ओढला तर एकटी मरेन. पण तुम्ही नुसते बघत उभे राहणार आहात का?"

एकाने दोर धरला. मग दुसऱ्याने. दगड उचलला गेला, खाली उतरला, आणि मुहूर्त टळला.

राजाने त्या सगळ्यांना मारले, असे पलीकडच्या गावात सांगतात. ता सोफालांना ते ऐकूनच राग येतो. "मारलं असतं तर आम्ही कुठून आलो असतो?" त्यांच्या गावात वेगळे सांगतात: राजाने तो ठेचलेला हात स्वतःच्या शेल्यात बांधला, इथे देव आणायला मला तोंड नाही म्हणाला आणि मिरवणूक परत नेली.

आजही त्या गावात घराचा शेवटचा खांब खड्ड्यात सोडण्याआधी खड्ड्याभोवतीचा प्रत्येक माणूस दोन्ही हात वर करतो. घरची बाई ते नीट पाहते. ती हो म्हणेपर्यंत दोर सुटत नाही, मग मुहूर्त गेला तरी चालतो. ता सोफालांच्या घराच्या वेळी एक जण न सांगता पाणी प्यायला गेला होता. तो परत येऊन हात दाखवीपर्यंत दोर धरणारे सगळे भर उन्हात तसेच उभे राहिले.